मुंग्यांच्या मागे बाबा

त्या रविवारी बाबांचे सगळे पांढरे सदरे वॉशिंग मशीनमधून चॉकलेटी होऊन बाहेर आले. एकाच्या बाहीत क्रीम बिस्किटांच्या पुड्याचा कागद अडकला होता.

"बाबा, मशीन तुम्ही लावलंत?"

"म्हटलं, लेकीला जरा मदत."

"जन्मात कधी लावलं नाहीत ते?"

"आणि तू जन्मात कधी मशीनमध्ये बिस्किटं ठेवली होतीस?"

झालं होतं असं, की मशीनमधल्या मळक्या कपड्यांखाली लेकीने दडवलेला पुडा बाबांना सापडला. पहिलं बिस्किट तोंडात जातंय तोच जिन्यात तिची पावलं वाजली. पुडा आत टाकून त्यांनी झाकण लावलं आणि साळसूदपणे दिसेल ते बटण दाबलं.

डॉक्टरांनी बाबांची साखर बंद केली होती. आई साखरेच्याच दुखण्याने गेली होती, त्यामुळे लेकीने मनावर घेतलं होतं. मात्र चहाबरोबर बिस्किट नसलं तर तिचाच दिवस उजाडत नसे. म्हणून लपवालपवी.

सुरुवातीला तिने पुडा कपाटावर ठेवला, तर बाबांनी स्टूल आणलं. तिने स्टूल लपवलं, बाबांनी छत्रीची मूठ वापरली. मग पुडा माळ्यावर गेला, तेव्हा बाबा शांतपणे मुंग्यांच्या रांगेमागून चालत माळ्यापर्यंत पोचले. तिने मुंग्यांचा खडू आणून पुड्याभोवती रेघ मारली. बाबांना आयताच नकाशा मिळाला! शेवटी तिने घरभर खोट्या रेघा मारल्या. पाहुण्यांना वाटे, घराची मोजणी चालू आहे.

बाबा जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सदरे पिळतापिळताही त्यांचा तास सुरूच.

"अगं, हरीण वेगात पळायला लागलं की वाघालाही वेग वाढवावा लागतो. जो मागे पडतो तो संपतो. जे उरतात, त्यांची पिल्लं आणखी चपळ निघतात."

"यात हरीण कोण?"

"बिस्किट."

"आणि मी?"

"तू जंगल खातं."

हसू दाबायला ती बादलीत वाकली. "उद्या रक्त तपासायचंय, लक्षात आहे ना? आकडा वाढला तर माझ्याशी गाठ आहे."

"पळतोय ना मी? वाढेल कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रक्त देऊन आले, पेपर वाचायला खुर्चीत बसले, आणि बसल्या जागी गेले. हृदय, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तपासणीचा कागद आला. साखर अगदी आटोक्यात होती.

"या वयात इतकी छान?" डॉक्टरांना नवल वाटलं. "व्यायाम करायचे का?"

तिला स्टूल आठवलं, छत्री आठवली, माळ्याची शिडी आठवली.

"हो," ती म्हणाली. "रोज."

पंधरवड्याने ती दुकानातून बिस्किटं घेऊन आली. हात आपसूक जागा शोधू लागले. डबे नकोत, बाबा आधी तेच बघतील. ओट्याखाली वाकून तिने पुडा कुकरमध्ये ठेवला आणि सवयीने मागे वळून पाहिलं. इतकी नामी जागा तिला आजवर सुचली नव्हती.

बाहेर कुठेच काही सरकलं नाही, काही धडपडलं नाही.

ती जमिनीवरच बसली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "कुकरमध्ये आहेत. लहान नाही, मोठ्या कुकरमध्ये. झाकण नुसतं ठेवलंय."