पान एकाहत्तरवरची म्हातारी

"आपल्या पुस्तकातली एक ओळ जरी कुणी चोरली ना, तर भर बाजारात त्याची गचांडी धरून दाखवीन!" बर्फ घातलेल्या बार्लीच्या चहाचा पेला टेबलावर आपटत कुरामोची शिगेओ यांनी जाहीर केलं.

अर्धा चहा नेझूबाईंच्या कागदांवर सांडला. बाईंनी मान वर केली नाही. त्या व्हिडिओ गेम खेळत होत्या. तेच त्यांचं काम होतं.

टोकियोच्या जिम्बोचो भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे एका अरुंद इमारतीत हे ऑफिस. गेम पार कसा करायचा हे सांगणारी पुस्तकं इथे तयार होत. गेम दुकानात यायच्या आधी कंपनीकडून कच्ची कॅसेट यायची, नेझू तामाए ती खेळून खेळून तिचा भुगा पाडायच्या आणि कुरामोची लिहायला बसायचे. कुठलं दार उघडायचं, कुठल्या विहिरीत उतरायचं, कुठल्या भिक्षूवर चुकूनही विश्वास ठेवायचा नाही! पडद्यावर ऊन पडू नये म्हणून खिडक्या बारा महिने झाकलेल्या. आत शिरलेला माणूस बाहेर दिवस आहे हे विसरायचा. कुरामोची तर बाहेर जग आहे हेच विसरत.

दुःख एकच. त्यांचं पुस्तक आलं रे आलं की पुढच्या गल्लीतले प्रतिस्पर्धी हुबेहूब तसंच पुस्तक काढायचे. नकाशे तेच, युक्त्या त्याच, एकदा तर छपाईची चूकसुद्धा तीच!

"मग करणार काय तुम्ही?" मालक उओझुमींनी विचारलं.

"थाप मारणार! गेममध्ये नाहीच अशी एक गोष्ट आपल्या पुस्तकात घुसडायची. ती त्यांच्या पुस्तकात उमटली की चोर सापडला!"

"आणि वाचकांनी ती करून पाहिली तर?"

"काही होणार नाही. आपलं काहीतरी चुकलं असं समजून गप्प बसतील. आपले वाचक फार समंजस आहेत."

नवा गेम भुताखेतांचा होता. धुक्यात बुडालेलं एक गाव, त्यात एक ओसाड सराई, आणि सराईच्या मागच्या अंगाला न्हाणीघर. गेममध्ये या न्हाणीघरात काहीच घडत नसे. कुरामोचींनी तीच जागा हेरली. पान एकाहत्तरवर त्यांनी लिहिलं, 'टबाकडे तोंड करून उभे राहा. कशालाही हात लावू नका. मागचं दार सरकेल. एक म्हातारी पाठमोरी येऊन बसेल आणि विचारेल, पाठ चोळून देता का?'

म्हातारी त्यांना फार डोकं खाजवून शोधावी लागली नाही. ओउमेमावशी! डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्याजवळ तिची सराई होती. लहानपणी सुट्टीत गेलं की मावशीची पाठ चोळायचं काम शिगेओकडे. मावशी जाऊन कैक वर्षं झाली होती, पण लिहिताना ती ओली पाठ, तो साबणाचा वास सगळं असं समोर आलं की लेखणी थांबेना.

मजकूर रिवाजाप्रमाणे गेमच्या कंपनीकडे तपासायला गेला आणि परत आला. कुरामोचींनी आधी पान एकाहत्तर उघडलं. एकही लाल खूण नाही!

"वाचलंच नाही त्यांनी!" ते खूश होऊन ओरडले. मग जागा पुरेना म्हणून इथेतिथे कात्री चालवली आणि पुस्तक दुकानात गेलं.

पहिला फोन आला ओबोनच्या तोंडावर, पितर घरी यायच्या दिवसांत. बाहेर ऊन रणरणत होतं, रातकिड्यांचे थोरले भाऊ शोभतील असे सेमी किडे झाडाझाडांवर किंचाळत होते.

"ते... पान एकाहत्तर," एक पुरुष कुजबुजला. "ती आलीय."

"कोण आलीय?"

"म्हातारी. बसलीय. आता मी काय करू?"

"चोळा की पाठ!" म्हणत कुरामोचींनी फोन ठेवला. "काय एकेक रिकामटेकडे लोक असतात, नेझूसान!"

दुसरा फोन एका बाईचा. नवऱ्याने गेममध्ये ती म्हातारी पाहिल्यापासून आंघोळीला जायचं सोडलं होतं, आणि दिवस तर घामाचे! तिसरा फोन थेट क्यूशूहून. चौथ्या माणसाला फक्त एवढंच विचारायचं होतं की तिला 'नको' कसं म्हणायचं, कारण ती बसलीय तशी उठेचना!

कुरामोचींच्या हातातला पंखा थांबला.

"नेझूसान, त्या न्हाणीघरात खरंच काही नाही ना?"

"मी त्या न्हाणीघरात माझ्या घरच्या न्हाणीघरापेक्षा जास्त वेळ काढलाय. तिथे झुरळसुद्धा नाही."

"लावा बरं कॅसेट."

कॅसेट लावली. टबाकडे तोंड केलं. दोघंही हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावर पाणी थेंबथेंब टपकत होतं. दार सरकलं नाही. चहा आला, गार झाला, परत गेला. कुरामोचींना मात्र आपल्या पाठीमागचं ऑफिसचं दार आता सरकेल असं सारखं वाटत होतं, आणि मान वळवायची हिंमत होत नव्हती.

"कमाल आहे!" ते घसा खाकरून म्हणाले. "अख्ख्या जपानला दर्शन देतेय, आणि जन्माला घालणाऱ्यालाच नाही?"

"तुमच्यावर रागावली असेल," नेझूबाई म्हणाल्या. त्यांनी ते थट्टेत म्हटलं, पण म्हणून झाल्यावर त्याही जरा सरकून बसल्या.

उओझुमींना भीतीबिती काही नव्हती. "येऊ दे की! पुस्तक बघा कसं खपतंय! तिला म्हणावं, पुढच्या पुस्तकातही ये!"

आणि मग कावागुची गावाहून हाताकेयामाबाईंचा फोन आला. आवाज प्रौढ, शांत, वाण्याकडे डाळ-तांदूळ सांगावेत असा.

"एक विचारायचं होतं. तुमच्या पुस्तकात ती म्हातारी एकच वाक्य बोलते असं दिलंय. पण ती आणखी एक बोलते. हा शिगे कोण हो?"

कुरामोचींच्या मानेवरून बर्फाचा खडा घरंगळत गेला. "काय... काय म्हणते ती?"

"म्हणते, 'सावकाश रे शिगे! कातडं आहे ते, पातेलं नव्हे!'"

फोन हातातून निसटून टेबलाखाली लोंबकळू लागला. शिगे! या नावाने त्यांना हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. ते वाक्यही तिचंच, अगदी 'पातेलं' सकट! पुस्तकात ते कुठेच नव्हतं. कुरामोचींनी पान एकाहत्तर डोळ्यांजवळ धरून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. नव्हतं!

दुपारच्या गाडीने ते कावागुचीला पोचले, ते हातात कलिंगड घेऊन. मावशीला कलिंगड फार आवडे. हाताकेयामाबाईंना वाटलं, पाहुण्याने आपल्याला आणलं. त्यांनी आनंदाने ते कापायला घेतलं.

चटईच्या खोलीत एका कोपऱ्यात पितरांचा देव्हारा, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही. उदबत्तीचा धूर दोन्हींकडे सारखाच जात होता. यजमान कामावर गेले की बाई दार ओढून घेऊन गेम खेळत. त्यांनी सफाईने गाव ओलांडलं, सराईत शिरल्या, टबासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुसून स्वस्थ बसल्या.

बाहेरचे सेमी एकाएकी गप्प झाले.

दार सरकलं. वाकलेली, पांढऱ्या केसांची एक पाठ आत आली आणि लाकडी पाटावर टेकली.

'पाठ चोळून देता का?'

कुरामोचींनी चटईला कपाळ टेकवलं. "मावशी! मी आलोय गं! काय हवंय तुला?"

हाताकेयामाबाई आ वासून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या नात्यातल्या का या?"

"सख्खी मावशी!"

"अगोबाई! मग आधी नाही का सांगायचं?" बाई लगबगीने उठल्या. देव्हाऱ्यातली उदबत्ती टीव्हीपुढे आली, घंटी वाजली, पेलाभर चहा आणि कलिंगडाची फोड पडद्यासमोर मांडली गेली. "ओबोनला आलेलं माणूस, उपाशी कसं ठेवायचं! आणि मी मेली परवा या मावशींसमोर पाय पसरून बसले होते!"

'सावकाश रे शिगे!' पडदा म्हणाला. 'कातडं आहे ते, पातेलं नव्हे!'

कुरामोचींनी सगळी बटणं दाबून पाहिली. सावकाश दाबली, माफी मागत दाबली. म्हातारी हलली नाही. उठली नाही. मागे वळली नाही. नुसती बसून राहिली, कशाची तरी वाट बघत. शेवटी टीव्ही बंद करायचं धाडस दोघांपैकी कुणालाच होईना, म्हणून त्यावर एक स्वच्छ पांढरं फडकं टाकून दोघं दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. यजमान घरी आले तेव्हा टीव्हीचं श्राद्ध घातलेलं आणि बायको एका परक्या रडव्या माणसाबरोबर कलिंगड खात असलेली त्यांनी पाहिली. त्यांची समजूत घालणं हे मावशीला समजावण्यापेक्षा अवघड गेलं!

दुसऱ्या दिवशी कुरामोची गेमच्या कंपनीत पोचले. डोळे खोल गेलेले, हनुवटीवर दाढीचे खुंट. गेमची आखणी करणारे ताचिकावा समोर आले. कुरामोचींनी तोंड उघडायच्या आधीच ते कमरेत काटकोनात वाकले!

"कुरामोचीसान, आम्हाला क्षमा करा! चूक सर्वस्वी आमची होती!"

"तुमची?"

"तुमचा मजकूर वाचला आणि आमची धावपळच उडाली. न्हाणीघरातली म्हातारी! आमच्या गेममध्ये ती कुठेच नाही! मी म्हटलं, प्रोग्रामवाला विसरला. तो म्हणाला, चित्रवाले विसरले. चित्रवाले म्हणाले, लेखक विसरला. इतक्या बारकाव्याने लिहिलेली गोष्ट खोटी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही! कॅसेटी कारखान्यात जायच्या होत्या. सगळी मंडळी घरदार विसरून बसली आणि म्हातारी आत घातली एकदाची. तुमच्याकडची कॅसेट त्याच्या आधीची, म्हणून तुम्हाला ती दिसत नसेल."

कुरामोचींच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. दुकानातली कॅसेट ऑफिसात कुणी आणलीच नव्हती. फुकट आलेली असताना विकतची आणणं उओझुमींना पाप वाटे.

"पण... ते शिगे? ते पातेलं?"

"तुमच्याच मजकुरात होतं की! फार गोड वाक्य. तुम्ही पुस्तकात का गाळलंत?"

जागा पुरेना तेव्हा चालवलेली कात्री कुरामोचींना आत्ता आठवली. भरात लिहिलेलं ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने उडवलं होतं!

"ती वळत का नाही?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कशी वळणार? तोंडच काढलेलं नाही. नुसती पाठ आहे ती. वेळ कुठे होता?"

कुरामोची रस्त्यावर आले आणि एकटेच मोठ्याने हसले. मावशी कुठेच नव्हती! हायसं वाटलं. आणि मग, का कोण जाणे, घरी जाईपर्यंत जरा ओकंओकंही वाटलं.

काही दिवसांनी प्रतिस्पर्ध्यांचं पुस्तक आलं. त्यात म्हातारी होती! पण आता ती गेममध्येही होती, तेव्हा चोर म्हणणार कुणाला? वर मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'न्हाणीघरातल्या म्हातारीचं संपूर्ण बोलणं फक्त इथेच!' उओझुमींनी ते कुरामोचींसमोर टेबलावर आपटलं.

नेझूबाई ते पान वाचत होत्या. "हे बघा. 'पाठ चोळून झाली की ती हळूच वळून बघते. घाबरू नका.' वळते? तोंडच नाही ना तिला?"

कुरामोचींनी टाळी वाजवली. "सापळा! त्यांनीही आपल्यासाठी थाप घुसडलीय! आपण चोरतो असं वाटतं त्यांना! थांबा, ताचिकावांना सांगतोच ही गंमत!"

फोन लागला. कुरामोचींनी हसू दाबत तोंड उघडलं, पण पलीकडून आवाज आधीच आला.

"अहो कुरामोचीसान, मीच फोन करणार होतो! दुसरं पुस्तक वाचलं आम्ही. पुन्हा आमचीच चूक! तिचं वळणं राहूनच गेलं होतं. पण काळजी नको, नव्या कॅसेटींत घातलंय. कालच कारखान्यात गेल्या."

कुरामोचींचं हसू तिथल्या तिथे गोठलं. "तोंड... तोंड कुणाचं काढलंत?"

"तीच तर अडचण होती! भेदरलेलं, डोळे खोल गेलेलं, पाहताक्षणी अंगावर काटा येईल असं तोंड कुठून आणायचं? पण नशीब बघा, तुम्ही आलात त्या दिवशी आमची चित्रकार शेजारच्याच टेबलावर बसली होती."