कढीवर उतरलेलं हेलिकॉप्टर

बोरगाव मेघेतल्या आपल्या अंगणात नरहरराव वीतभर हेलिकॉप्टर तळहातावर घेऊन उभे होते. जुन्या स्लिपरांचे तळवे कापून त्यांनी त्याच्याखाली दोन छोट्या होड्या बसवल्या होत्या आणि होड्यांच्या पोटाला मोडक्या खेळण्याची चाकं लावली होती.

"पाण्यावर बी उतरते अन् जमिनीवर बी," ते बायकोला कौतुकानं म्हणाले.

"उतरो कुठी बी. माह्या भिशीच्या बाया येऊन राह्यल्या," मीराबाई ओसरीतून म्हणाल्या. "आज काई सांडलंलवंडलं, तं तुमचा सारा कारखाना भंगारात जाईन, पाहा!"

ही नुसती धमकी नव्हती. नरहररावांनी मिक्सरला पंख्याचं पातं लावून पाहिलं, तेव्हा त्यांचं ड्रिल मशीन मीराबाईंनी खरंच भंगारात दिलं होतं.

जमिनीवरची चाचणी झकास झाली. हेलिकॉप्टर फरशीवर टेकलं आणि डौलात घरंगळत थांबलं. पाण्यासाठी कपड्यांचा टब भरून ठेवलेला होता. नरहररावांनी ते पुन्हा उडवलं, तोच वाऱ्याची झुळूक आली. घाबरून त्यांनी रिमोटची दांडी उलटी ओढली आणि हेलिकॉप्टर टब सोडून थेट ओसरीत घुसलं. तिथं काठोकाठ भरलेला कढीचा गंज निवत ठेवला होता.

उतरलं मात्र अलगद. बुडालं नाही, कललंसुद्धा नाही.

"तरंगलं!" नरहरराव ओरडले.

पण पातं फिरतच होतं. कढीचे शिंतोडे भिंतीवर उडाले आणि नेमक्या आत आलेल्या शेजारच्या तानाबाईंच्या नव्या साडीवरही.

"बाप्पा! हे काय होय?"

"भेऊ नका. ते पाण्यावर उतरते."

"अवो, पन हे कढी होय ना!"

नरहररावांनी घाईघाईनं रिमोट हलवला, तर हेलिकॉप्टर गंजात गरगर फिरायला लागलं. मीराबाई धावत आल्या. त्यांनी रिमोट हिसकावला, तसे नरहररावांनी डोळे गच्च मिटले.

आपटल्याचा आवाज काही आला नाही. डोळे उघडून पाहतात, तर हेलिकॉप्टर गंजातून सरळ वर उठलं होतं. तानाबाईंना वळसा घालून ते अंगणात गेलं आणि टबात असं हळुवार टेकलं, की जेमतेम एक तरंग उठला.

"तुले... कवा आलं हे?"

मीराबाईंनी पदरानं रिमोट पुसला. "तुमी दुपारी घोरता, तवा मानसानं करावं काय?"

भंगाराचं विचारायचं नरहररावांना सुचलंच नाही. बायकोकडे बघत ते नुसतेच हसत राहिले.

"मीराबाई, मले बी शिकवजो ना वं," साडी झटकत तानाबाई म्हणाल्या.

"ये ना, ये. अन् तुमी काऊन उभे? ताक घुसळा, नवी कढी लागते."

नरहररावांनी मुकाट्यानं रवी हातात घेतली. बाकीच्या बायका आल्या, तशी रिमोटसाठी अंगणात रांग लागली. त्या रांगेत शेवटी, बेसनाच्या हातानं, नरहररावही उभे होते.