साहेब आज पारावर येणार नाहीत

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. मागच्या दोघांनी चुळबुळ थांबवा. एका जंगलात निवडणूक लागली होती. जंगलात निवडणूक कशाला, असं विचारू नका. ते जंगलालाही ठाऊक नव्हतं. दर पाच पावसाळ्यांनी ती लागायची, एवढंच.

त्या जंगलात साळूताई राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असतात ना, ती. प्रश्न विचारणं हे तिचं काम. दर मंगळवारी सकाळी ती वडाखालच्या पारावर एका पाहुण्याला बसवायची. आधी पाणी द्यायची, मग प्रश्न विचारायची. तिचे काटे उभे राहिले की पाहुण्याने ओळखायचं, आता खरा प्रश्न येतोय.

वडावर राघू नावाचा पोपट बसलेला असायचा. पारावर जे बोललं जाई, ते तो जसंच्या तसं ओरडायचा. ते ऐकून ओढ्यावरचा पोपट ओरडायचा. त्याचं ऐकून टेकडीवरचा. असं करत करत सगळ्या जंगलाला सगळं कळायचं. पारावर कोणी शिंकलं तर टेकडीवरचे ससे म्हणायचे, कुणाला तरी सर्दी झालेली दिसते.

निवडणुकीला तिघे उभे होते. एक नीलकंठराव मोर. दुसरे ठिपकेसाहेब, म्हणजे बिबटे. तिसरा कोण, ते पुढे सांगतो. त्या वेळी जंगलालाही तो आठवत नव्हता.

सगळं छान चाललं होतं. नीलकंठराव नाचायचे, ठिपकेसाहेब गुरगुरायचे, लोक टाळ्या वाजवायचे. आणि मग एके दिवशी कोठार बुडालं.

कोठार म्हणजे डोंगरातली एक मोठी गुहा. ती घूसशेठ चालवायचे. प्राण्यांनी आपली चारोळी, वाळलेली मोहाची फुलं, मध, कंद असं सगळं तिथे ठेवायचं. घूसशेठ त्यावर एक पळसाचं पान द्यायचे. पानावर त्यांच्या दाताची खूण असायची. पान परत नेलं की माल परत, असा वायदा होता. पण परत न्यायला कोणी जायचंच नाही, कारण पानांवरच सगळे व्यवहार होऊ लागले. माकडं तर जमवलेली पानं मोजण्याच्या नादात झाडावरून उतरायचीही विसरली.

मग शेकरूवहिनी, म्हणजे झाडावरची मोठी खार, आपला माल परत आणायला गेली. तिला तीन पिल्लं झाली होती आणि पावसाळा दीड महिन्यावर आला होता.

"शेठ, माझ्या चारोळ्या द्या," ती म्हणाली.

आतून आवाज आला नाही. शेकरूवहिनी आत गेली. आत टरफलं होती. ती आणखी आत गेली. तिथे ऊन होतं. गुहेत ऊन कसं, म्हणून तिने पाहिलं, तर गुहेला मागची भिंतच नव्हती. घूसशेठ तिकडूनच हवापालट करायला गेले होते.

दुपारपर्यंत सगळं जंगल पळसाची पानं हातात घेऊन कोठारापुढे उभं होतं. रानडुक्कर ढसाढसा रडत होता. साळूताईचेही कंद गेले होते. पावसाळाभर खायचं काय, हा प्रश्न तिलाही होताच. पण ती रडली नाही. तिने पंचांग पाहिलं. येत्या मंगळवारी सकाळी नीलकंठराव आणि दुपारी ठिपकेसाहेब पारावर येणार होते. निवडणूक म्हणून एकाच दिवशी दोघं, असं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं.

"देव पावला," साळूताई म्हणाली. तिच्याकडे एकच प्रश्न होता. कोठाराच्या उद्घाटनाला नीलकंठराव नाचले होते आणि ठिपकेसाहेबांनी दारावरची वेल कापली होती. तेव्हा दोघांपैकी कोणी मागची भिंत पाहिली होती का?

मंगळवार उजाडला. पाराभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. पण नीलकंठरावांच्या जागी त्यांचा सचिव आला, बगळा.

"ताई," बगळा घसा साफ करून म्हणाला, "साहेब आज पारावर येणार नाहीत."

"का बरं?"

"संकट फार मोठं आहे."

"म्हणून तर बोलावलंय."

"ताई, ही बोलण्याची वेळ नाही. ही कृतीची वेळ आहे."

"मग काय कृती करणार, ते तरी सांगायला येऊ द्या."

"कृती सांगितली तर ते बोलणं होईल," बगळा म्हणाला आणि उडून गेला.

दुपारी ठिपकेसाहेबांचा सचिव आला. तोही बगळाच. म्हणजे तोच बगळा. तो दोघांकडेही कामाला होता, एका पायावर इकडे आणि दुसऱ्या पायावर तिकडे. त्याने घसा साफ केला.

"ताई, संकट फार मोठं..."

"कळलं," साळूताई म्हणाली.

पारावरचा पाहुण्याचा दगड रिकामा होता. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साळूताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक कुजबुजायला लागले. वडावर राघू चोच उघडून तयार बसला होता आणि ओरडायला काही नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "मी बसू का? मलाही उभं केलंय म्हणे निवडणुकीला."

हे खवलेगुरुजी. खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. अंगावर कौलांसारखे खवले असतात आणि भीती वाटली की ते स्वतःला चेंडूसारखं गुंडाळून घेतं. गुरुजींनी अर्ध्या जंगलाला बेरीज-वजाबाकी शिकवली होती. जुन्या विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून त्यांचा अर्ज भरला होता. खरं सांगायचं तर साळूताई त्यांना बोलवायलाच विसरली होती.

"या गुरुजी," ती ओशाळून म्हणाली आणि तिने त्यांना पाणी दिलं. मग तिचे काटे उभे राहिले. "कोठाराचं आता काय करायचं?"

"मी काल आत जाऊन पाहून आलो," गुरुजी म्हणाले. "आधी मागची भिंत बांधायची. मग उत्तरेच्या उतारावर कंद आहेत, ते सगळ्यांनी मिळून खणायचे. तरी पुरणार नाही. म्हणून या पावसाळ्यात प्रत्येकाने अर्धं खायचं. पुढच्या पावसाळ्यात पाऊण. मग कोठार भरेल. मी तीनदा बेरीज करून पाहिली."

साळूताईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, चला, उत्तर मिळालं.

मग रानडुक्कर उठला.

"अर्धं?" तो म्हणाला. "मी?"

"हो, तू पण," गुरुजी म्हणाले. "तुला वजाबाकी कधीच जमली नाही, पण ही सोपी आहे."

"नीलकंठराव असते तर असं बोलले असते का?" माकडीण ओरडली.

"ठिपकेसाहेबांनी तर असं तोंडातूनही काढलं नसतं!"

कुणीतरी आंब्याची कोय मारली. मग दुसरी आली. मग कोयींचा पाऊसच पडला. गुरुजींनी पटकन स्वतःला गुंडाळून घेतलं. पार उतारावर होता. गुरुजी जे घरंगळले ते थेट आपल्या बिळापाशी जाऊन थांबले. फार लागलं नाही. "बरं झालं, चालायचं वाचलं," असं म्हणत ते आत गेले.

इकडे राघू मन लावून ओरडत होता. पण बातमी टेकडीवर पोचेपर्यंत भिंत गळली, उतार गळला, कंद गळले. टेकडीवरचा पोपट नुसतं "अर्धं खा! अर्धं खा!" असं ओरडत होता. ससे बिचारे त्याच्याकडे बघत राहिले.

साळूताई चिडली. गुरुजींवर नाही, लोकांवरही नाही. ज्यांना हाच प्रश्न विचारायचा होता, त्यांनी कोय सोडाच, साधी नजरही झेलली नव्हती. बुधवारी सकाळी तिने राघूला बरोबर घेतलं आणि ती दोन्ही साहेबांना शोधायला निघाली.

फार शोधावं लागलं नाही. संकटाशी झुंजणारे लोक सावलीत झुंजतात. दरीतल्या डोहाच्या काठी नीलकंठराव बसले होते आणि दोन सुगरण पक्षिणी त्यांचा पिसारा विंचरत होत्या. शेजारीच ठिपकेसाहेब चारही पाय पाण्यात सोडून पडले होते. मधोमध बगळा उभा होता. दोन्ही साहेब एकाच ठिकाणी असल्यामुळे त्याला आज दोन्ही पाय टेकता आले होते.

साळूताईला पाहून नीलकंठरावांनी पिसारा मिटला.

"अरे वा, ताई! या, या. हे आपलं घरगुती बोलणं हं."

"घरगुती तर घरगुती," साळूताई म्हणाली. तिचे काटे उभे राहिले. "उद्घाटनाला तुम्ही दोघं होतात. मागची भिंत पाहिली होती का?"

"मी नाचत होतो," नीलकंठराव म्हणाले. "नाचताना माणूस भिंत बघेल की पाय?"

"वेल पुढच्या दाराला होती," ठिपकेसाहेब म्हणाले. "मागे बघायचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"बरं. आता काय करणार?"

दोन्ही साहेबांनी बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने डोहातल्या माशांकडे पाहिलं.

"अहो ताई," ठिपकेसाहेब कळवळून म्हणाले, "माहीत असतं तर आलो नसतो का पारावर?"

साळूताईला हेच हवं होतं. आता मुलांनो, पोपटाला घरगुती आणि बाहेरचं असा फरक कळत नाही. राघू उंच उडाला आणि ओरडला, "मी नाचत होतो! मला कुणी सांगितलं नव्हतं! माहीत असतं तर आलो नसतो का पारावर?" या वेळी एक शब्दही गळला नाही. टेकडीवरच्या सशांपर्यंत सगळं जसंच्या तसं पोचलं.

साळूताई शीळ घालत घरी आली. कंद नव्हते, पण पोट भरल्यासारखं वाटत होतं. आता जंगलाला खरं कळलं, असं ती शेकरूवहिनीला म्हणाली.

जंगलाला खरं कळलं होतंच. ओढ्यावर माकडीण डोळे पुसत होती.

"किती प्रामाणिक माणसं!" ती म्हणाली. "माहीत नाही म्हणून गप्प बसली. नाहीतर ते गुरुजी. आले आणि सुटले बोलत, अर्धं खा."

"शिवाय नाचत होते, हेही लपवलं नाही," ससा म्हणाला.

मतदान झालं. नीलकंठरावांना आणि ठिपकेसाहेबांना अगदी सारखी मतं पडली. गुरुजींना तीन पडली. एक त्यांचं स्वतःचं, एक साळूताईचं आणि एक शेकरूवहिनीचं. दोन्ही साहेबांनी मिळून राज्य करायचं ठरलं. बगळ्याला फार बरं वाटलं.

साळूताईने दोन दिवस पार झाडलाही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बगळा गुरुजींच्या बिळाशी आला. इकडेतिकडे बघून त्याने आत मान घातली.

"गुरुजी, ते भिंतीचं म्हणत होतात ना, ते नक्की कसं करायचं? साहेबांनी विचारलंय. सहजच."

गुरुजींनी त्याला आत बोलावलं, मातीवर आकडे काढले आणि संध्याकाळपर्यंत समजावलं. बगळ्याला दोनदा वजाबाकी चुकली. तिसऱ्यांदा जमली.

आठवड्यात भिंत बांधायला सुरुवात झाली. उत्तरेच्या उतारावर कंद खणायला सगळ्यांना बोलावलं, त्याला 'महाखणन उत्सव' असं नाव दिलं आणि नीलकंठराव पुढे नाचत गेले. मग पावसाळ्याच्या तोंडावर 'चपळ जंगल' नावाची मोहीम निघाली. तिच्यात प्रत्येकाने अर्धं जेवायचं होतं. रानडुक्कर तिचा प्रमुख झाला.

"आधी मी किती जड होतो!" असं तो भेटेल त्याला सांगायचा.

पावसाळा पार पडला. कोणी उपाशी मेलं नाही. शेकरूवहिनीची तिन्ही पिल्लं फांद्यांवरून उड्या मारायला लागली आणि कोठाराचा एक कोपरा खरोखरच्या चारोळ्यांनी भरला. जो तो दोन्ही साहेबांचं नाव काढू लागला.

ते ऐकून साळूताईच्या अंगाची लाही लाही झाली. ती तडक गुरुजींकडे गेली. गुरुजी दारात बसून तीन पिल्लांना बेरीज शिकवत होते.

"गुरुजी, भिंत तुमची, कंद तुमचे, अर्धं जेवणंही तुमचंच! या मंगळवारी पारावर चला. मी विचारते, तुम्ही सांगा. कळू दे सगळ्यांना."

गुरुजींनी पिल्लांना पळायला सांगितलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नको ग बाई. ही अक्कल माझी आहे हे लोकांना कळलं, तर उद्याच्या उद्या भिंत पाडतील."

साळूताईचे काटे खाली बसले. ती खो खो हसत सुटली. मग गुरुजीही हसले आणि दोघांनी मिळून एक कंद खाल्ला. अर्धा अर्धा.

तात्पर्य : ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने प्रश्नासमोर जाऊ नये, लोक कोयी मारतात. ज्याला माहीत नाही, त्यानेही जाऊ नये, उगाच वेळ जातो. मात्र परीक्षेच्या दिवशी हे तात्पर्य सांगून घरी बसू नका, मुलांनो. ही सवलत फक्त निवडणुकीत मिळते.