भाऊ दुसऱ्यांदा विचारतात

आमचे घरमालक, निर्मळ गावातले भाऊ, यांना कुठलंही उत्तर एकदा ऐकून पटत नाही. आज विचारलेलं ते चार दिवसांनी, अगदी त्याच शब्दांत, पुन्हा विचारतात. दोन्ही उत्तरं जुळली तर माणूस खरा. मी नवीन भाडेकरू असताना "माहेर कुठलं?" याला आधी चिपळूण म्हटलं आणि नंतर सावर्डे. सावर्डे चिपळूण तालुक्यातच आहे हे सांगून माझा घसा सुकला. भाऊंनी थेट माझ्या आईला फोन लावला. वर मलाच म्हणाले, "राग मानू नको गो. गोम कुठे असेल सांगता येत नाही."

सोनचाफा न्यायला येणारा फुलवाला, मीटर बघायला येणारा, सायकलवरचा पाववाला, सगळे या परीक्षेतून गेलेले. पाववाला तर आता दारात आला की न विचारताच पाव ताजा असल्याचं दोनदा सांगून मोकळा होतो.

एका वर्षी मात्र कहर झाला. त्याचं कारण काकू, म्हणजे भाऊंची बायको. काकू विसरायला लागल्या होत्या. आमटी खारट झाली की भाऊ म्हणायचे, "वाण्याने मीठ बदललंय." चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला, तर बोल भांडीवालीला. काकू आगाशीच्या बाजारातून घरी यायचा रस्ता चुकल्या, तेव्हा भाऊ रस्ता खणणाऱ्यांवर खवळले. "असं उकरून ठेवल्यावर माणसाने ओळखायचं कसं?" डॉक्टरचं नाव काढलं की उठून चाफ्याच्या वाडीत जायचे. सगळं जग लबाड असलं तरी चालेल, पण हिला काही झालेलं नाही, एवढं त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

मी तेव्हा मुंबईत मेंदूच्या एका अभ्यासावर काम करत होते. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, चित्रं दाखवायची आणि त्याच वेळी मेंदूचे फोटो घ्यायचे. वेगवेगळ्या शहरांत हेच चालायचं. चित्रं तीच, सूचना शब्दाला शब्द तीच. उत्तर बरोबर आलं तरी आम्ही मानसुद्धा हलवायची नाही. वयस्कर मराठी माणसं हवी होती, म्हणून भाऊंना विचारलं.

"सगळ्यांना तेच विचारता आणि मग जुळवून बघता?" भाऊंना आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी धंदा पटला. पण लगेच डोळे बारीक झाले. "आणि बरोबर की चूक ते सांगत नाही? मग गोम आहे. आधी घरी आण. हिला दाखव. माझं मागाहून बघू."

रविवारी सरावाची चित्रं घेऊन गेले. भाऊंनी लॅपटॉप उलटा करून खालून बघितला. मग काकूंना समोर बसवून स्वतः मागे झोपाळ्यावर बसले. मी कागदावरची सूचना वाचली, "आधी दिसलेलं चित्र पुन्हा दिसलं, की बटण दाबा."

छत्री आली. कोंबडी आली. मग कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी आली.

"ही आगाशीला कुठल्या दुकानात मिळते?" भाऊ.

"मध्ये बोलायचं नाही, भाऊ."

पुन्हा छत्री आली. काकू नुसत्या बघत राहिल्या. बोट काही हलेना. त्यांनी बावरून मागे पाहिलं, आणि भाऊ खोकले. काकूंनी बटण दाबलं.

कोंबडी पुन्हा आली. भाऊ खोकले, काकूंनी दाबलं. बादली नवीन होती. भाऊ गप्प, काकू गप्प. पुढे तर काकूंनी चित्रांकडे बघणंच सोडलं, नुसता कान लावून बसल्या. नियमाप्रमाणे मी तिथेच थांबवायला हवं होतं. पण सराव होता, तो कुठे धरला जाणार नव्हता. जन्मभर लोकांची लबाडी पकडणारा हा माणूस माझ्या देखत बायकोला कॉपी पुरवत होता. मला हसू यायला लागलं, आणि मग फार वाईट वाटलं.

चित्रं संपली. काकू खुशीत चहा टाकायला आत गेल्या. भाऊ झोपाळ्यावरून उठून माझ्याजवळ आले.

"जुळलं ना गो सगळं?"

त्यांच्याकडे बघवेना मला.

"जुळलं, भाऊ."

चार दिवसांनी ते पुन्हा विचारणार म्हणून मी तेच उत्तर, त्याच शब्दांत, तयार ठेवलं होतं. आठवडा गेला, पावसाळा गेला. रोज अंगणात भेटत होतो, माझ्या आईची चौकशीसुद्धा दोनदा करत होते. हे मात्र भाऊंनी पुन्हा कधीच विचारलं नाही.