फुग्यावरची सूचना

बदल आधी करावा आणि मग कळवावा, हा जगाचा जुना नियम आहे. आधी कळवले तर लोक प्रश्न विचारतात, आणि उत्तरे देता देता बदल राहून जातो. तलासरीजवळच्या एका फुग्यांच्या कारखान्याने या नियमात मोठी सुधारणा केली. त्यांनी सर्वांना कळवायचे ठरवले. फक्त ज्याचे त्याला, ज्याच्या त्याच्या पद्धतीने आणि ज्याची त्याची वेळ आल्यावर.

त्यासाठी मुंबईहून उमेश सर आले. बदल कळवणे हाच त्यांचा धंदा. (बदल काय आहे, हे ते स्वतः फार खोलात जाऊन विचारत नसत, त्याने बोलण्यातला गोडवा जातो.) एकच गोष्ट सगळ्यांना एकसारखी सांगणे हा अडाणीपणा आहे, हे त्यांनी कारखान्याच्या शेठना पटवले आणि संबंधितांचे सहा गट पाडले. बँकेला इंग्रजीत, रंगीत आलेख काढून, ‘विस्तार’ असे कळवले. व्यापाऱ्यांना शेठनी स्वतः गुजरातीत फोन केले, की माल तोच, निघणार फक्त दुसरीकडून. ग्रामपंचायतीला शाल देऊन कळवले. शाल कशाबद्दल ते कोणाला समजले नाही, पण टाळ्या भरपूर पडल्या. देवाला नारळ फोडून कळवले. टेम्पोवाल्यांना तोंडी सांगितले, कारण यंत्रे त्यांनीच उचलायची होती. कामगार सहावे.

यात कोणी कमीपणा मानू नये. बाकीच्यांना नुसते कळवून भागत होते. कामगारांना वाईट वाटण्याचा संभव होता, म्हणून त्यांच्यासाठी खास तयारी करायची होती, आणि तयारीला वेळ लागतो.

या सहाव्या गटात जयवंती होती. रोज वेवजीहून पायी येऊन ती फुगे तपासायची. कच्चा फुगा बाजूला, पक्का फुगा गोणीत. बारा वर्षे तिचे हेच काम. कारखाना हलणार अशी कुजबुज तिच्या कानावर आली होती, आणि त्याच आठवड्यात झाईच्या चिकू पॅकिंगवरची मुकादम निलम हिने तिला निरोप पाठवला होता. एक जागा आहे, शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबते, मग दुसरीला देईन. झाईला जायचे तर दोन गाड्या बदलायच्या. कारखाना इथेच राहणार असेल तर पायाखालची वाट कोण सोडेल? आणि राहणार नसेल तर सोमवारी कोणाच्या दारात उभे राहायचे? जयवंतीला आलेख नको होते, शाल नको होती. तिला शनिवारच्या आत हो की नाही, एवढेच हवे होते.

प्रथम पाहणी झाली. ‘बातमी कशी मिळालेली आवडेल?’ असा प्रश्न होता आणि हळूहळू, एकदम किंवा नाश्त्यानंतर असे तीन पर्याय. एक्केचाळीस बायकांपैकी अडतीस जणी म्हणाल्या, की आधी बातमी काय ती सांगा. हे पर्यायात बसत नसल्याने त्यांना तटस्थ धरण्यात आले. उरलेल्या तिघी त्या दिवशी उपाशीपोटी आल्या होत्या. त्या नाश्त्यानंतर म्हणाल्या. अशा रीतीने मत देणाऱ्या शंभर टक्के कामगारांनी नाश्त्याच्या बाजूने कौल दिला आणि ढोकळ्याची ऑर्डर गेली.

नंतर कामगारांच्या वतीने बातमी स्वीकारायला एक प्रतिनिधी नेमायचा होता. जयवंतीला नेमले. बातमी येईल तेव्हा ती सर्वांच्या वतीने शांतपणे स्वीकारणे, आणि येईपर्यंत ती माहीत नसणे, अशी दोन कामे तिच्याकडे आली.

“आता काय, मोठी बाई झालीस,” शेजारी बसणारी कमळी म्हणाली. “उद्या आमच्याशी बोलशील तरी का?”

“बोलेन की. तुझा गट आला म्हणजे,” जयवंती म्हणाली.

पण पद आले म्हणून उत्तर आले नाही. शेवटी गुरुवारी ती अच्छाडच्या नाक्यावर लडक्याला गाठायला गेली. लडक्याचा टेम्पो कारखान्याला लागलेला होता आणि तो पाचव्या गटातला, म्हणजे अधिकृतपणे जाणता माणूस. तो ढाब्यावर चहा पीत बसला होता. त्याने गुप्ततेची शपथ घेतलेली असल्यामुळे ढाब्यावर सगळ्यांनाच ठाऊक होते; चहावाल्याला तर नव्या जागेचे भाडेही माहीत होते.

“चालली सगळी मशिनं, वहिनी. वापीच्या पुढं,” लडक्या म्हणाला.

“आणि आम्ही?”

लडक्याने बशीतला चहा संपवला. “मला मशिनं भरायला सांगितलीत. माणसं भरायला कोणी बोललं नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने उमेश सरांना सरळ विचारले. त्यांना राग आला नाही, दुःख झाले.

“ताई, हे तुम्हाला कळलेलं नाहीये,” ते म्हणाले. “तुम्ही सहाव्या गटात आहात. पाचव्या गटातलं तुम्हाला कळलं, तर उद्या आम्ही कळवणार काय?”

लडक्या टेम्पोवाला, सर शिकलेले. न जाणो, शिकलेल्या माणसाकडे काही चांगले सांगायचे राखून ठेवलेले असेल, म्हणून जयवंती शनिवारपर्यंत थांबली.

शनिवारी दुपारी ढोकळा झाला आणि प्रत्येकीला एक फुगा मिळाला. सूचना फुग्यावर छापली होती. कामगाराला त्याच्याच हातच्या वस्तूतून कळवावे, त्याने आपुलकी वाटते, असे सरांचे मत. मराठी, गुजराती आणि घरची बोली, तिन्ही होत्या. फुगा फुगवून छापतात आणि हवा काढली की अक्षरे मुंगीएवढी होतात, तेव्हा सूचना वाचण्यासाठी ती आधी फुगवावी लागत होती. चांगला माल वाया जाऊ नये म्हणून याच बायकांनी बाजूला टाकलेले कच्चे फुगे वापरले होते.

कमळीने ‘आपला परिवार एका नव्या प्रवासाला’ इथवर वाचले आणि फुगा फुटला. तिच्या पलीकडे बसणाऱ्या लाडकीचा ‘अभिमानाने’ला गेला. कोणी ‘उज्ज्वल’पर्यंत पोहोचली, कोणी ‘सोमवारपासून’. थोड्या वेळाने शेडमध्ये नुसते रबराचे तुकडे आणि चाळीस बायका उरल्या. जयवंती हळूहळू फुंकत होती. गाल दुखले, डोळ्यांत पाणी आले, पण फुगा टिकला आणि शेवटची ओळ मोठी झाली. तिथे लिहिले होते: ‘अधिक माहितीसाठी आपल्या प्रतिनिधी जयवंती यांच्याशी संपर्क साधावा.’

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने फुग्यातली हवा सोडली.

“कारखाना चाललाय,” ती म्हणाली. “मशिनं नेतात, आपल्याला नाही. सोमवारी येऊ नका.”

तिच्या बोलण्यात परिवार नव्हता की प्रवास नव्हता, तरी लहानात लहान पोरीलाही समजले. उमेश सरांनी याची नोंद ‘अफवा’ या सदराखाली केली.

अजून संध्याकाळ व्हायची होती. जयवंतीने फाटकातूनच निलमला फोन लावला आणि जागा आहे का विचारले.

“मावशी, आहे की गेली ते मला माहीत आहे गं. पण कालपासून ते उमेश सर आमच्याकडे पण यायला लागलेत. तुम्ही तिसऱ्या गटात. मंगळवारपर्यंत कळवतील.”

अहवाल शेठना सादर झाला. सर्व संबंधितांना कळवले, असे त्यात म्हटले आहे आणि ते खरे आहे. गट सहा असले तरी अहवालात एक सातवाही आहे, ‘सर्वसामान्य जनता’. म्हणजे आपण. आपल्याला तर सर्वांच्या आधी, गेल्या दिवाळीतच, स्वच्छ मराठीत कळवले होते. फुग्यांच्या पाकिटाच्या पाठीवर कारखान्याचा नवा पत्ता आणि ‘काही हरकत असल्यास कळवावे’ असे छापले होते. (पाकिटे व्यापाऱ्याकडे भरतात, त्यामुळे कामगारांच्या नजरेस पडण्याचा धोका नव्हता.) आपण ते पाकीट दातांनी फाडले, फुगे पोरांच्या हाती दिले आणि कागद केराच्या टोपलीत टाकला. आपल्यापैकी एकाचीही हरकत आली नाही. म्हणून अहवालाच्या शेवटी शेठनी आपले मनापासून आभार मानले आहेत, की जनतेच्या एकमुखी संमतीशिवाय हा बदल शक्यच नव्हता.