आपली कंपनी, जपान

पुंडलिकनगरात कुणी खरात सरांना "कसं काय?" विचारलं, की ते जपानमधल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओगेम कंपनीचा इतिहास सांगतात. विचारणारा नवा असेल तर पूर्ण. जुना असेल तर पुन्हा पूर्ण.

सर शाळेत इतिहास शिकवायचे. ते निवृत्त झाल्यावर देवगिरीच्या यादवांना जरा विश्रांती मिळेल असं वाटलं होतं. सरांनी त्यांना जपानला नेलं. तिथं म्हणे तिघा मित्रांनी कंदिलाच्या दुकानावरच्या माळ्यावर कंपनी काढली, पहिल्याच गेमनं नाव झालं, मग त्यांच्यातला चित्रकार रुसला आणि चांगली पोरं घेऊन निघून गेला.

"इथं खरी मेख हाय, जाधव," सर माझा दंड धरून सांगत. "दौलताबाद काय अन् आपली कंपनी काय, दरवाजा आतूनच उघडतो."

दंड एवढ्यासाठी, की मी पळतो हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मी दूध घेऊन येताना सापडलो. कंपनी बुडेपर्यंत दूध नासलं. गंमत म्हणजे सरांनी जन्मात एकही गेम खेळलेला नाही. टीव्हीच्या रिमोटलाही ते जपूनच हात लावतात.

शेवटी मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की बायको दार लावून घेते, पण ती माहेरी होती. आमच्याकडं माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. मग कंपनीनं काय पाप केलंय? मी लावला. वर कंदिलाचं चित्र, खाली मजकूर : 'कै. आपली कंपनी (जपान) हिस भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : खरात सर व समस्त पुंडलिकनगर.' फोटो कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मला अंत्यविधी कुठं आहे म्हणून विचारलं.

सर आले. चिडतील म्हणून मी आधीच हसून घेतलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तेवढं काढता का? मिलिंदला कंपनी बंद पडल्याचं सांगितलं नाय अजून."

मिलिंद त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो. लहानपणी याच कंपनीचा गेम खेळतो म्हणून सरांनी त्याची कॅसेट कपाटात कोंडली होती. पोरगं नोकरीला गेलं आणि फोन "जेवलास का?", "हो" एवढ्यावर आला. एकदा सरांनी सहज त्या गेमचं विचारलं. पोरगं अर्धा तास बोललं. तेव्हापासून सर आठवडाभर वाचतात आणि रविवारी त्याला एक प्रकरण सांगतात.

"चित्रकार रुसलाय, इथवर आणलंय," सर म्हणाले. "पुढं बुडतेच की ती. मग आम्ही बोलायचं काय?"

मिलिंदही कॉलनीच्या ग्रुपवर आहे, हे मला तेव्हा आठवलं. माझी अक्कल कायम वरातीमागून येते.

फ्लेक्स उतरवला. रविवारी सरांच्या ओट्यावर जाऊन मुकाट बसलो. फोन वाजला. सरांना स्पीकर बंद करता येत नाही.

"आप्पा, ग्रुपवर फोटो बघितला," मिलिंद म्हणाला.

मी चपलेत पाय सरकवले. सरांनी माझा दंड धरला. या वेळी काही सांगण्यासाठी नव्हे.

"चौकात लोक कायबी लावतात," पलीकडून आवाज आला. "ते जाऊ द्या. तो चित्रकार रुसून गेलता ना, आला का परत?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. एक सन चुकला तर पोरांना बाकावर उभं करणारा माणूस. त्यांनी घसा खाकरला.

"आला ना," सर म्हणाले. "इथं तर खरी मेख हाय."