नानांच्या होडीचे खड्डे

आमच्या शेजारचे दगडूनाना कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठा फिरवतात, मग तिच्याकडे बघतात. दार असो, ट्रंक असो, माझ्या टोपल्यातली भाकरी असो. अंगठा अडला की म्हणतात, "खड्डा हाय. भरावा लागंल." भाकरीच्या वेळी मी टोपलं उचलून आत नेलं.

नाना धरणाच्या फुगवट्यात मासे धरतात. त्यांची लाकडी होडी दर उन्हाळ्यात अंगणात लिंबाखाली पालथी पडते. दगडांना घासून तिच्या अंगावर ओरखडे आणि खड्डे पडलेले असतात. रंग देण्याआधी ते लांबीनं बुजवायचे. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांचा तो गोळा नाना इतका वेळ तिंबतात, की माझे सासरे म्हणाले, "नाना, पुरणपोळ्या करायच्यात का?"

"तुज्या घरची कणीक कुनी अशी मळली असती, तर तुजं दात राहिलं असतं."

हे माझ्या कणकेबद्दल होतं. मी गप्प बसले. मी नेहमीच गप्प बसते.

उरलेली लांबी नाना वाया घालवत नाहीत. आमच्या उंबऱ्याजवळचं उंदराचं बीळ त्यांनी बुजवलं, उंदीर आत असताना. माझ्या नवऱ्याच्या नव्या मोटारसायकलच्या टाकीवर बारीक ओरखडा होता, त्यावर पांढरा पट्टा ओढून ठेवला. नवरा चिडला तर म्हणाले, "वाळू दे की. घासल्याबिगर नाव ठेवू न्हाई."

होडी रंगवायच्या वेळी त्यांचा मुलगा सुभाष सुप्याहून येतो. तिथं तो कारखान्यात आहे. होडी उलटायला दोन माणसं लागतात, आणि नानी गेल्यापासून त्या घरात एकच आहे. दिवाळीला सुभाषला रजा मिळत नाही. होडीला मिळते.

यंदा सगळे खड्डे भरून, वाळून, पॉलिश पेपरनं घासूनही झाले. "सकाळी रंगाचा हात मारला, की दुपारच्या एसटीनं निघतो," सुभाष म्हणाला.

सकाळी नानांनी अंगठा फिरवला. "डाव्या कुशीला एक राहिला."

"काल न्हवता, नाना."

"काल तुजं डोळं मोबाईलात हुतं."

लांबी वाळायला एक दिवस. सुभाषनं फोनवर साहेबाची विनवणी केली. दुसऱ्या दिवशी उजव्या कुशीला खड्डा निघाला.

"होडीला कांजण्या उठल्यात व्हय?" सासऱ्यांनी विचारलं.

पुढच्या दिवशी उजाडताना मी सडा टाकत होते. सुभाष आत झोपलेला. नाना होडीच्या टोकाशी वाकून खिळ्यानं फळी कोरत होते. हलक्या हातानं, चोरासारखं. कोरून झाल्यावर फुंकर मारून त्यांनी मान वर केली, तर समोर मी, हातात बादली.

ते खिळा खिशात टाकून चुलीपुढं जाऊन बसले.

सुभाष उठला, होडीभोवती एक फेरी मारली. त्याला काही दिसलं नाही. पिशवी ओट्यावर आणून ठेवून तो रंगाचा डबा उघडायला लागला. "चला नाना, आज उरकूनच टाकू."

नाना बाहेर आले. खड्डा दाखवायला त्यांचा हात काही उठेना. माझ्याकडे तर बघेनातच.

मी पदर सारखा केला. सुभाषभावजींशी मी आजवर एक शब्द बोलले नव्हते.

"भावजी," मी म्हणाले, "टोकाला एक राहिलाय बगा. खोल हाय. वाळायला दोन दिवस तरी लागतील."